शेवटच्या दालनात काय ठेवलंय?

५ ऑगस्ट १९६७ रोजी कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये एक नवी राइड सुरू झाली, 'ॲडव्हेंचर थ्रू इनर स्पेस'. सगळ्या अमेरिकेचे डोळे तेव्हा चंद्राकडे लागले होते. ही राइड मात्र माणसाला उलट्या दिशेला न्यायची: आधी एका हिमकणात, मग रेणूत आणि शेवटी थेट अणूच्या आत. अठरा वर्षं ती चालली. २ सप्टेंबर १९८५ ला ती बंद झाली आणि जानेवारी १९८७ मध्ये त्याच जागी अंतराळयुद्धाच्या सिनेमावर बेतलेली 'स्टार टूर्स' उभी राहिली.

परदेशातल्या बागेतली एक जुनी राइड मोडली, त्याचं आपल्याला काय, असं कुणी विचारेल. पण या राइडच्या इतिहासात जो प्रश्न आहे तो आज आपल्या शाळांच्या दारात येऊन उभा आहे. लोकांना विज्ञानाची गोडी लावायचं काम कुणाच्या पैशाने व्हावं, आणि पैसे देणाऱ्याला त्यातल्या मजकुरावर किती हक्क असावा? माझं मत स्पष्ट आहे. कंपन्यांचा पैसा घ्यायला हरकत नाही, पण मजकूर त्यांच्या हाती देता कामा नये. आणि केवळ त्यांच्याच पैशावर उभं राहणारं विज्ञानशिक्षण टिकतही नाही.

आधी राइड कशी होती ते सांगायला हवं, कारण ती खरोखर उत्तम होती.

रांगेत उभं राहिलं की समोर अवाढव्य सूक्ष्मदर्शक दिसायचा, 'मायटी मायक्रोस्कोप'. निळ्या गाड्यांची न थांबणारी माळ त्याच्या एका तोंडातून आत शिरायची. दुसऱ्या टोकाला काचेची नळी होती. त्या नळीत तशाच गाड्या, तशीच त्यात बसलेली माणसं, पण जेमतेम वीतभर उंचीची, हळूहळू पुढे सरकताना दिसायची. बाहुल्याच त्या. पण रांगेतल्या मुलाच्या दृष्टीने काय घडत होतं? आत्ता आपल्या पुढे उभं असलेलं कुटुंब गाडीत बसलं, आत गेलं आणि इवलंसं होऊन पलीकडून निघालं. थोड्या वेळाने आपलंही हेच होणार! अणूचा आकार किती लहान हे वर्गात शिकवायचं म्हणजे फळ्यावर दहाचा ऋण दहावा घात लिहायचा, आणि मुलांनी तो वहीत उतरवून घ्यायचा. त्या आकड्यातून अणूच्या इवलेपणाची जाणीव होत नाही. या काचेच्या नळीतून ती एका नजरेत व्हायची.

गाडी आत गेली की अंधार, आणि चहूकडे भुरभुरणारा बर्फ. हिमकण मोठे होत जायचे, म्हणजे आपण लहान होत जायचो. कानावर निवेदन पडायचं, पॉल फ्रीज यांच्या भारदस्त आवाजात. असा लहान होत गेलेल्या पहिल्या शास्त्रज्ञाचे विचार आपण ऐकतो आहोत, अशी ती कल्पना होती. पुढे एका हिमकणाची स्फटिकासारखी जाळी समोर यायची, तिच्या आरपार गेलं की पाण्याचे रेणू: एक मोठा गोळा आणि त्याला चिकटलेले दोन छोटे. ऑक्सिजन एक, हायड्रोजन दोन. मग ऑक्सिजनच्या अणूत प्रवेश, अवतीभवती भिरभिरणारे इलेक्ट्रॉन, आणि अखेर धडधडणारं लाल केंद्रक. इथे निवेदक थबकायचा. याच्याही आत आणखी अफाट जागा आहे, पण तिकडे जायची माझी छाती नाही, नाहीतर मी कायमचाच लहान होत राहीन, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून तो मागे फिरायचा. परतीच्या वाटेवर बर्फ वितळू लागायचा, बांधून ठेवलेले रेणू सुटे होऊन हलू लागायचे. आणि एकदम वरून एक भलामोठा डोळा! आपण अजून सूक्ष्मदर्शकाखालीच आहोत आणि कुणीतरी आपल्याला बघतंय.

या वर्णनातल्या एका गोष्टीचं मला विशेष कौतुक वाटतं. केंद्रकापाशी येऊन ही राइड थांबली आणि आत अजून खूप काही आहे हे तिने कबूल केलं. प्रोटॉनच्याही आत काही घटक असावेत, क्वार्क असावेत, हा तर्क १९६४ मध्ये मांडला गेला होता. प्रयोगाचा पुरावा नव्हता. तो मिळायला सुरुवात झाली १९६८ मध्ये, त्याच कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरकावर, म्हणजे कणांना सरळ रेषेत प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर. त्या कामाला १९९० चं नोबेल मिळालं. जिथे ज्ञान संपतं तिथे थांबणं हा विज्ञानाचा पहिला संस्कार, आणि तो एका करमणुकीच्या सफरीने पाळला होता. म्हणून 'विज्ञान पुढे गेलं, राइड शिळी झाली' हे कारण मला पटत नाही. पाण्याचा रेणू १९८५ मध्येही तसाच होता आणि आजही तसाच आहे.

तंत्राच्या बाजूनेही ती पहिलीच होती. 'ओम्नीमूव्हर' नावाची वाहनपद्धत जगात प्रथम इथे वापरली गेली. गाड्या एका अखंड साखळीत चालतात, कुठेच थांबत नाहीत, आणि प्रत्येक गाडी ठरलेल्या जागी ठरलेल्या बाजूला वळते. त्यामुळे बसणाऱ्याने कुठे बघायचं हे यंत्र ठरवतं. दोन वर्षांनी सुरू झालेल्या 'हाँटेड मॅन्शन'मध्ये हेच तंत्र वापरलं गेलं, आणि पुढे अनेक ठिकाणी. करमणुकीत यात काहीच गैर नाही. उलट, कथा सांगण्याची ती फार सुंदर युक्ती आहे. पण प्रेक्षकाची मान वळवायचा अधिकार जेव्हा विज्ञानाच्या नावाने वापरला जातो, तेव्हा ती मान कुठे वळवली नाही हेही विचारायला हवं.

या राइडचा प्रायोजक होता मोन्सँटो, अमेरिकेतली एक मोठी रसायन कंपनी.

मोन्सँटो आणि डिस्नीलँड यांचं नातं बाग उघडली तेव्हापासूनचं. १९५५ मध्ये तिथे कंपनीचं रसायनशास्त्राचं दालन होतं. १९५७ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या मदतीने 'हाउस ऑफ द फ्यूचर' उभारलं, प्लॅस्टिकचं घर, चारी बाजूंना अधांतरी पंख काढलेलं. १९६७ मध्ये ते पाडायला घेतलं तेव्हा पाडकामाचा लोखंडी गोळा भिंतीवर आदळून परत उडाला. शेवटी साखळ्या आणि पहारी लावून तुकडे करावे लागले, आणि एका दिवसात उरकायचं काम दोन आठवडे चाललं. प्लॅस्टिक किती टिकतं याचं इतकं जाहीर प्रात्यक्षिक दुसरं झालं नसेल. हे घर गेलं त्याच वर्षी 'इनर स्पेस' सुरू झाली. डिस्नीलँडमध्ये त्या काळी राइडगणिक कूपन फाडावं लागे; ही राइड मात्र सुरुवातीची काही वर्षं फुकट होती, कारण पैसे कंपनी भरत होती. कंपनीच्या पदरात हे श्रेय घालायलाच हवं.

अणूतून परतल्यावर गाडीतून उतरलं की कंपनीचं दालन लागायचं. कृत्रिम धाग्यांचे कपडे, गालिचे, रसायनांनी घडवलेल्या नव्या वस्तू, आणि रेणूंपासून घडणाऱ्या चमत्कारांचं डिस्नीचे गीतकार शर्मन बंधू यांनी रचलेलं गोड गाणं. अनुभवाची रचना बघा. आधी निसर्गाचा रेणू, पाण्याचा, बर्फाचा, निर्मळ. त्याने थक्क झालेलं मन घेऊन माणूस बाहेर येतो, आणि लगेच पुढे कंपनीचा रेणू. एका खोलीतलं आश्चर्य दुसऱ्या खोलीतल्या मालाला आपोआप लागू होतं. कुणी खोटं बोलत नाही. फक्त दार त्या बाजूला उघडतं.

त्याच वर्षांत मोन्सँटोचा आणखी एक रेणू जगभर फिरत होता. पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि कॅपॅसिटरमध्ये वापरायला अत्यंत सोयीचं रसायन, कारण ते पेट घेत नाही आणि सहज मोडत नाही. अमेरिकेत ते बनवणारी जवळपास एकमेव कंपनी हीच होती. मोडत नाही हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा धोका. १९६६ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकाला मासे आणि गरुड यांच्या शरीरात पीसीबी सापडलं. म्हणजे कारखान्यातून निघालेला रेणू पाण्यातून माशात, माशातून पक्ष्यात असा साठत चालला होता. अलाबामातल्या ॲनिस्टन गावी कंपनीचा कारखाना होता. तिथल्या ओढ्यात प्रयोगासाठी सोडलेले मासे काही सेकंदांत उलटे होऊन तरंगू लागले, हे १९६६ मध्येच कंपनीच्या लोकांना कळलं होतं. ती कागदपत्रं पुढे कोर्टाच्या कामात उजेडात आली, आणि ॲनिस्टनच्या रहिवाशांबरोबर २००३ मध्ये ७० कोटी डॉलरची तडजोड झाली. पीसीबीचं उत्पादन कंपनीने १९७७ मध्ये थांबवलं. राइडचं प्रायोजकत्वही १९७७ मध्येच संपलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं इतकंच, की राइड सुरू असताना पहिली दहा वर्षं त्या शेवटच्या दालनात रेणूंच्या चमत्कारांना जागा होती आणि स्वीडनच्या गरुडांना नव्हती. पैसे देणाऱ्याकडून ती मिळण्याची शक्यताही नव्हती.

हे एकट्या मोन्सँटोचं नाही. १ ऑक्टोबर १९८२ ला फ्लोरिडात डिस्नीचं एप्कॉट हे उद्यान उघडलं. तिथल्या 'युनिव्हर्स ऑफ एनर्जी' या मंडपाची प्रायोजक होती एक्सॉन, तेलकंपनी. छतावर सौर पॅनेल, आत डायनासोरांच्या जंगलातून जाणारं फिरतं प्रेक्षागृह, लहान मुलांना विलक्षण आवडावं असं सगळं. त्याच काळात एक्सॉनचे स्वतःचे शास्त्रज्ञ कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी किती तापेल याची गणितं मांडत होते. ती गणितं कमालीची अचूक ठरली, असं २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. जाहीरपणे मात्र कंपनीने पुढे कैक वर्षं याच विज्ञानाविषयी शंका पेरल्या. अशा कंपनीने ऊर्जेची गोष्ट लोकांना सांगायची, आणि त्यांना ती पूर्ण समजावी, ही अपेक्षा तरी कशी करायची?

बरं, पैसा थांबला की काय होतं? भविष्यातलं जगणं दाखवणाऱ्या एप्कॉटमधल्या 'होरायझन्स' राइडची प्रायोजक जनरल इलेक्ट्रिक १९९३ मध्ये बाहेर पडली, राइड १९९९ मध्ये बंद. माणसाच्या रक्तप्रवाहातून फिरवून आणणाऱ्या 'बॉडी वॉर्स'चा विमाकंपनी असलेला प्रायोजक २००१ मध्ये गेला, राइड २००७ मध्ये संपली. एक्सॉन २००४ मध्ये गेली, ऊर्जेचा मंडप २०१७ मध्ये बंद झाला आणि २०२२ मध्ये तिथे सुपरहिरोंच्या सिनेमावरची रोलर कोस्टर आली. सिनेमाच्या राइडमागे तिकिटांचा, खेळण्यांचा, पुढच्या भागांचा पैसा उभा असतो. पाण्याच्या रेणूमागे कोण उभं राहणार? ज्याचा फायदा होतो तो उभा राहतो, आणि फायदा संपला की निघून जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो व्यापारच करत होता. चूक समाजाची, ज्याने हे काम त्याच्यावर सोडलं.

आता या सगळ्याचा महाराष्ट्राशी धागा. मोन्सँटो हे नाव मराठी वाचकाला डिस्नीलँडमुळे नाही, कापसामुळे ठाऊक आहे. जालन्याच्या महिको कंपनीबरोबर भागीदारी करून मोन्सँटोचं बीटी तंत्रज्ञान, म्हणजे एका जिवाणूचं जनुक घालून झाडातच अळीला मारणारं विष तयार करण्याचं तंत्र, भारतात आलं आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यावर आपल्याकडे झालेला वाद बहुतेक वेळा दोनच सुरांत झाला: एक तारणहार म्हणणारा, दुसरा राक्षस म्हणणारा. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, बिगर-बीटी बियाण्याचं, 'रेफ्युजी'चं. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे बीटीच्या विषाला दाद देणाऱ्या काही अळ्या जिवंत राहतात, त्यांचे पतंग झाले की प्रतिकारक्षम पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि अळीत प्रतिकार पसरायला वेळ लागतो. डार्विनचा सिद्धांतच पाकिटात भरून दिलेला होता. पण असंख्य शेतकऱ्यांनी ते पाकीट पेरलंच नाही. जी झाडं अळीला खायला घालायची ती हातातोंडाची गाठ असलेल्या माणसाने जमीन अडवून का लावावीत, हे त्याला पटेल असं कुणी सांगितलं? बीटी जनुक अळीला कसं मारतं हे प्रत्येक जाहिरातीत होतं. अळी त्यावर कशी मात करू शकते, हा दुसरा निम्मा भाग जाहिरातीत बसत नव्हता. पुढे गुलाबी बोंडअळी आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या पिढीच्या बीटीलाही जुमानेनाशी झाली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याची किंमत मोजली. प्रतिकार वाढायला कारणं इतरही होती, एका पाकिटावर सगळं ढकलता येणार नाही. तरीही अर्धंच सांगितलेलं विज्ञान किती महाग पडतं, ते कापसाच्या पट्ट्याइतकं कुणाला कळणार?

माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा की सरकारी पैशाने तरी काय मोठं होतं? हा आक्षेप खरा आहे. आपल्याकडच्या कितीतरी विज्ञान केंद्रांत बटण दाबलं तर काहीच होत नाही, फलकावरची अक्षरं पुसट झालेली असतात, मराठी मजकूर कुणी तपासलेला नसतो. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. 'इनर स्पेस' बंद झाली त्यानंतर दहा आठवड्यांनी, ११ नोव्हेंबर १९८५ ला, वरळीला नेहरू विज्ञान केंद्राचं उद्घाटन झालं. ते केंद्र आजही उघडं आहे. मुंबईतल्या आणि बाहेरगावच्या शाळांच्या सहली तिथे अजून जातात. त्याला सिनेमाच्या राइडशी स्पर्धा करून जागा रिकामी करावी लागली नाही, कारण तिथला हिशोब नफ्याचा नव्हता. सार्वजनिक पैशाची कुवत ही आहे: तो टिकतो. त्यात चमक नसते, ती आणायला भांडावं लागेल. पण बंद पडलेलं बटण दुरुस्त करून मागता येतं. जे दालन कंपनीचं आहे तिथे तसं काहीच मागता येत नाही.

आणि चमक परवडत नाही असंही नाही. मायटी मायक्रोस्कोपची जादू पैशापेक्षा कल्पनेत होती: एक काचेची नळी, काही छोट्या बाहुल्या, आणि मुलाच्या मनात काय चालतं याची नेमकी जाण. आपल्या विज्ञान केंद्रांच्या रचनेत नाट्यलेखक, नेपथ्यकार, चित्रकार यांना मानाने बोलवा आणि मोबदला द्या. मराठी रंगभूमीवर दोन फळ्या आणि एका प्रकाशझोतात अख्खं गाव उभं करणारी माणसं आहेत. हिमकण उभा करणं त्यांना जड जाणार नाही.

दरम्यान कंपन्यांचा पैसा तर येतोच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठराविक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातला बराच पैसा शिक्षणाकडे वळतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रयोगशाळा, रोबोटिक्सच्या पेट्या, भिंतीवरची चित्रं, फिरत्या बसगाड्या येतात, आणि ज्या शाळेत आजवर परीक्षानळीसुद्धा नव्हती तिथे ते हवंच आहे. तो नाकारा असं सांगणारा माणूस त्या शाळेत कधी गेलेला नसणार. पण खतांच्या कंपनीने मातीविषयीचे तक्ते द्यावेत, बाटलीबंद पेयांच्या कंपनीने पोषणाचे धडे द्यावेत, आणि ते तसेच भिंतीवर लागावेत, हे मला मान्य नाही. देणगीदाराचं नाव दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. आतला मजकूर मात्र शिक्षकांनी आणि त्या विषयाशी आर्थिक संबंध नसलेल्या वैज्ञानिकांनी ठरवावा, आणि कुणी ठरवला ते तिथेच लिहिलेलं असावं. देणगीच्या करारात मजकुराला अंतिम मंजुरी कोण देणार याचं कलम असतं किंवा नसतं. मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने सही करण्याआधी ते वाचावं. नसेल तर घालून घ्यावं. कंपनीकडे मंजुरी राखून ठेवलेली असेल, तर वस्तू घ्यावी आणि तक्ते परत पाठवावेत.